हलकेपणाचा हिशेब

या सहामाहींत आमच्या शाळेच्या वादविवाद मंडळाच्या एका सभेंत "पुढील काळची मोटार लोखंडाची असूं नये" असा विषय ठेविला होता, आणि अध्यक्षाची खुर्ची आमच्या वांट्यास आली होती. विषय निवडणारा नववीचा वर्ग, व बोलणारेही बहुतेक त्याच वर्गांतील. मुलांनीं तयारी चांगली केली होती. हलकी मोटार कमी इंधन खाते. कमी इंधन जळालें म्हणजे धूर कमी. धूर कमी म्हणजे हवा शुद्ध व पृथ्वीच्या वाढत्या तापमानास आळा. तस्मात् लोखंड टाका आणि अॅल्युमिनियम घ्या, अशी एका दोऱ्यांत ओवलेली मणिमाळ एकामागून एक वक्त्यानें आमच्यापुढें धरली. मतें घेतलीं तेव्हां अनुकूल एकेचाळीस हात वर झाले आणि प्रतिकूल तीन. त्या तिघांपैकीं एकजण सभा आटोपल्यावर दाराशीं घुटमळत उभा राहिला व हळूच म्हणाला, "सर, पण तें अॅल्युमिनियम येतें कोठून?"

हा प्रश्न सबंध सभेंत कोणीं विचारला नव्हता. अध्यक्षांनींही नव्हता, हें आम्ही कबूल करितों. समारोपाचें भाषण आम्हीं केलें, परंतु तें मुलांच्या मणिमाळेस गांठ मारून देण्यापलीकडे फारसें गेलें नाहीं. त्या दिवसापासून तो प्रश्न आमच्या मनांत घर करून राहिला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळजण पुढें पिंपरी-चिंचवड, चाकण येथील मोटारींच्या कारखान्यांत जातील, कांहींजण मोटारींचे आराखडेही काढतील. आणि त्यांचे आईबाप तर आजच मोटार घ्यावी कीं न घ्यावी, घ्यावी तर कोणती, या विचारांत आहेत. म्हणून सभेंत राहून गेलें तें येथें मांडण्याची आम्ही परवानगी घेतों.

प्रथम हलकेपणाच्या बाजूनें जें खरें आहे तें मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. गाडी सुरू करून वेगास आणणें, खंडाळ्याचा घाट चढविणें, रस्त्यावर चाक लोटणें, या सर्व कामांत लागणारी शक्ति गाडीच्या वजनाच्या प्रमाणांत वाढते. केवळ हवेचा अडथळा वजनावर अवलंबून नाहीं. यावरून गाडीचें वजन दहा टक्क्यांनीं घटविल्यास इंधनांत सुमारें सहा ते आठ टक्के बचत होते, असें या विषयाचे जाणते सांगतात. शहरांत, जेथें दर चौकांत थांबावें लागतें, तेथें हा लाभ अधिक जाणवतो. विजेच्या मोटारींत ब्रेक लावतांना थोडी शक्ति परत बॅटरींत जाते, म्हणून तेथें तो कांहींसा कमी. परंतु तेथें दुसरा लाभ असा कीं, गाडी हलकी असली म्हणजे बॅटरीही लहान पुरते.

हें ज्ञान नवें आहे असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या खेडेगांवचा सुतार बैलगाडी करूं लागला म्हणजे सर्व गाडी एकाच लांकडाची करीत नसे. चाकास बाभूळ, कारण ती चिवट व टणक. साट्यास बांबू, कारण तो हलका व लवचिक. आणि लोखंड केवळ धांवेस व जेथें घासून झिजण्याची भीति तेथें. बैलाच्या खांद्यावर उगीच पडलेला शेरभर भारही त्यास खपत नसे, कारण बैल त्याच्या शेजाऱ्याचा असे व तक्रार त्याच संध्याकाळीं घरीं येई. ज्या जागीं जो माल योग्य तेथें तो घालावयाचा, हीच आजच्या मोटार-शास्त्रज्ञांचीही विद्या आहे. फरक इतकाच कीं, आज तक्रार करणारा शेजारीं राहत नाहीं.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. अॅल्युमिनियम येतें कोठून?

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरांत ज्यास "जर्मनचें पातेलें" म्हणत तें याच धातूचें. मद्रास येथील कलाशाळेंत १८९८ च्या सुमारास अल्फ्रेड चॅटर्टन यांनीं अशीं भांडीं करण्यास आरंभ केला, व पुढें तीं देशभर घरोघर गेलीं. परंतु त्यापूर्वीं अवघीं पंधरा वर्षें हा धातु राजेरजवाड्यांचा होता. १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाचें टोंक अॅल्युमिनियमचें बसविलें, त्या वेळीं त्याची किंमत चांदीच्या तोडीची होती. हा धातु जमिनींत विपुल आहे, पण प्राणवायूशीं त्याची मिठी इतकी घट्ट कीं ती सोडविणें कठीण. ती सोडविली अमेरिकेंतील ओबर्लिन कॉलेजांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या चार्ल्स मार्टिन हॉल या बावीस वर्षांच्या तरुणानें. त्याचे वडील पाळक असून पूर्वीं जमैका बेटांत मिशनरी होते. कॉलेजांतील ज्यूएट नांवाच्या रसायनाच्या शिक्षकांनीं त्यास या कोड्याचा नाद लाविला. घरामागील लांकडांच्या खोपटांत त्यानें प्रयोग मांडिले. त्याच कॉलेजांत रसायन शिकलेली त्याची बहीण ज्यूलिया त्यास साहाय्य करी. १८८६ च्या फेब्रुवारींत वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून त्यानें या धातूच्या गोळ्या काढिल्या. आश्चर्य असें कीं, त्याच सालीं फ्रान्स देशांत पॉल एरू या तरुणास हीच युक्ति स्वतंत्रपणें साधली. दोघेही १८६३ त जन्मले व दोघेही १९१४ त वारले. शिक्षकाच्या एका वाक्यानें विद्यार्थी कोठपर्यंत जातो याचें हें उदाहरण आम्हांस फार प्रिय आहे, म्हणून येथें किंचित् लांबलें; वाचकांनीं क्षमा करावी.

तीच रीत आजही सर्व जगांत चालते. चार टन बॉक्साइट दगडांतून दोन टन अॅल्युमिना निघतो, व दोन टन अॅल्युमिन्यांतून एक टन धातु. बॉक्साइट आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर आहे, आणि बेळगांव येथें अॅल्युमिन्याचा मोठा कारखाना आहे. अॅल्युमिना काढून घेतल्यावर तांबडा चिखल उरतो. दर टनामागें टन, कधीं दीड टन. तो दाहक असतो आणि त्यास ठेवावें कोठें हा जगभर प्रश्न आहे. हंगेरी देशांत आयका गांवाजवळ २०१० च्या ऑक्टोबरांत अशा चिखलाचा बांध फुटला, तेव्हां दहा माणसें प्राणांस मुकलीं.

परंतु खरा खर्च विजेचा. एक किलो अॅल्युमिनियम काढण्यास सुमारें १४ युनिट वीज लागते. ही वीज नॉर्वे किंवा कॅनडा यांसारख्या देशांत धबधब्यांपासून मिळते. आपल्याकडील मोठे कारखाने उत्तर प्रदेशांत रेणुकूट, छत्तीसगडांत कोरबा, ओडिशांत अंगुल व झारसुगुडा येथें आहेत, आणि ते बहुतांशीं दगडी कोळशाच्या विजेवर चालतात. कोळशाच्या एका युनिटामागें जवळजवळ एक किलो कार्बन डायॉक्साइड वायु हवेंत जातो. मुलांनीं आतां पाटी-पेन्सिल घ्यावी.

समजा, एका टनाच्या मोटारींतील १०० किलो पोलाद काढून त्या जागीं अॅल्युमिनियम घातलें. अॅल्युमिनियम वजनानें पोलादाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाचें खरें. पण त्याचा ताठपणाही तितकाच कमी, म्हणून पत्रा जाड घ्यावा लागतो, आणि ३५ किलोवर काम भागत नाहीं. ६० किलो धरूं. कोळशाच्या विजेवर काढलेल्या या ६० किलोंचा वायु, केवळ विजेपुरता, ६० गुणिले १४ म्हणजे ८४० किलो झाला. काढून टाकलेल्या १०० किलो पोलादाचा वायु, किलोमागें दोन किलो धरल्यास, २०० किलो. म्हणजे मोटार कारखान्याच्या दारांतून बाहेर पडतांनाच ६४० किलोंचें कर्ज डोक्यावर घेऊन निघाली.

आतां हें कर्ज फिटणार कधीं? गाडी ४० किलोंनीं, म्हणजे चार टक्क्यांनीं हलकी झाली. इंधनांत फार तर तीन टक्के बचत. लिटरला सोळा किलोमीटर जाणारी मोटार शंभर किलोमीटरांस सव्वासहा लिटर पेट्रोल जाळते; त्याचे तीन टक्के म्हणजे एका लिटराचा सुमारें पांचवा हिस्सा. एक लिटर पेट्रोलापासून २·३ किलो वायु होतो, त्या हिशेबानें शंभर किलोमीटरांमागें बचत ०·४३ किलो. ६४० ला ०·४३ नें भागिलें असतां जवळजवळ दीड हजार शतकें येतात, म्हणजे दीड लाख किलोमीटर. घरची मोटार वर्षांत दहा हजार किलोमीटर चालत असेल तर पंधरा वर्षें. खासगी मोटारीची पहिली नोंदणीही पंधरा वर्षांचीच असते! कर्ज फिटतें त्याच दिवशीं कर्जदार म्हातारा होतो.

हा हिशेब ढोबळ आहे. गाडी हलकी झाल्यावर इंजिन, ब्रेक, चाकें हींही थोडीं लहान करितां येतात, व त्यानें कर्ज कांहींसें लवकर फिटेल. उलट, धातु काढतांना कोळशाचे विद्युदग्र जळतात तें आम्हीं धरिलेंच नाहीं. पण दोन आंकडे बदलून पाहिले असतां या हिशेबाचें मर्म ध्यानांत येतें. वीज धबधब्याची असेल तर ८४० चा आंकडा बहुतेक गळून पडतो. आणि जुनें अॅल्युमिनियम वितळवून पुन्हां घेतलें तर नव्याच्या मानानें अवघी पांच टक्के शक्ति लागते. मग ८४० च्या जागीं सुमारें ४२ येतात, आणि अॅल्युमिनियमचा भाग पहिल्या दिवसापासूनच पोलादापेक्षां स्वस्त पडतो. म्हणजे धातु कोणता, याहून तो कोणत्या विजेचा व कितव्या जन्माचा हें अधिक महत्त्वाचें. हें त्या एकेचाळीस हातांना ठाऊक नव्हतें. त्यांच्या अध्यक्षालाही नव्हतें.

दुसरी बाब अशी कीं, कर्ज दीड लाख किलोमीटरांनीं फिटत असेल तर जी गाडी अधिक धांवते तिच्यांत हलकेपणा घालावा. रोज तीनशें किलोमीटर जाणारी बस हें अंतर दीड वर्षांत तोडते. येथें आपल्या एस. टी.चा इतिहास मोठा बोधक आहे. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) पहिली एस. टी. निघाली. त्या वेळच्या बेडफर्ड गाड्यांची बांधणी लांकडाची होती व बैठका काथ्याच्या. पुढें बळकटीसाठीं लांकडाच्या जागीं पोलाद आलें. परंतु कोंकणच्या खाऱ्या हवेंत पोलाद गंजतें, म्हणून १९६० पासून अॅल्युमिनियमची बांधणी सुरू झाली. आमच्या पिढीचें सारें बालपण त्या खडखडणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याशेजारीं खिडकीशीं बसून गेलें. आणि २०१८ च्या सुमारास महामंडळानें अपघातांत प्रवाशांचें रक्षण अधिक चांगलें व्हावें म्हणून पुन्हां पोलादी बांधणी हातीं घेतली. लांकूड, पोलाद, अॅल्युमिनियम, पुन्हां पोलाद! एका गाडीचीं सत्तर वर्षें, आणि प्रत्येक वेळीं कारण निराळें, तरी प्रत्येक कारण खरें. कांहीं वक्त्यांनीं या शेवटच्या बदलास मागें पाऊल म्हटलें असतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. जर्मनींतील आउडी कंपनीनें १९९४ पासून अॅल्युमिनियमच्या सांगाड्याच्या मोटारी केल्या, आणि अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें २०१५ च्या आपल्या एफ-१५० या मालवाहू मोटारीचें अंग अॅल्युमिनियमचें करून ३०० किलोंहून अधिक वजन उतरविलें. तेव्हां धातूस दुबळा म्हणतां येत नाहीं. बांधणी, जोडणी, दुरुस्ती करणारे हात व हातांतील पैसा, या सर्वांचा मेळ ज्यास बसवावा लागतो त्यानें निवड करावयाची असते. वजनाचें वाचवावें आणि माणसाचें गमवावें, असला हलकेपणा कोणासच नको.

इतर मालांविषयीं थोडक्यांत लिहितों. पोलादही आज पूर्वीचें राहिलेलें नाहीं. बोरॉन या मूलद्रव्याचा किंचित् अंश असलेला पत्रा सुमारें ९०० अंशांपर्यंत तापवून सांच्यांत दाबतात व तेथेंच झटकन थंड करितात. लोहार कोयत्यास पाणी देतो तोच हा प्रकार. असा पत्रा साध्या पत्र्याच्या कित्येक पट बळकट होतो, म्हणून तो पातळ घेऊन भागतें. ज्या देशांत वीज कोळशाची आहे तेथें सध्यां हाच मार्ग अधिक शहाणपणाचा, असें आमचें स्पष्ट मत आहे. कार्बनच्या तंतूंची गोष्ट याहून निराळी. बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें २०१३ ते २०२२ पर्यंत आय-३ नांवाची विजेची मोटार केली, तिचें अंग या तंतूंचें होतें. तंतु भाजण्याचा कारखाना वॉशिंग्टन राज्यांत मुद्दाम जलविद्युतेजवळ ठेविला होता. मोटार उत्तम होती, पण महाग, आणि तिचें अंग पुन्हां वितळवून नवें करितां येत नाहीं.

वनस्पतींच्या मालाचें मुलांस फार आकर्षण वाटतें, तेव्हां त्याचाही एक धडा सांगतों. हेन्री फोर्ड यांनीं १३ ऑगस्ट १९४१ रोजीं डिअरबॉर्न येथें एक मोटार लोकांपुढें मांडली. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर तिचीं चौदा पानें प्लास्टिकचीं होतीं, व त्यांत सोयाबीन वगैरे शेतमाल होता असें सांगत. वजन नेहमींच्या मोटारीहून सुमारें ४५० किलो कमी. युद्ध आलें आणि तो प्रयोग तेथेंच राहिला. पुढें पूर्व जर्मनींत पोलाद मिळेना, म्हणून १९५७ पासून ट्रॅबंट नांवाची मोटार कापसाचा टाकाऊ कचरा व राळ यांच्या दाबलेल्या पत्र्याची करूं लागले. १९९१ पर्यंत तीस लाखांहून अधिक झाल्या. वजन सहाशें किलोंच्या आसपास, गंज चढत नाहीं, माल टाकाऊ कचऱ्याचा. आमच्या वक्त्यांनीं ऐकलें असतें तर टाळ्या पडल्या असत्या. परंतु बर्लिनची भिंत पडल्यावर लोकांनीं त्या मोटारी टाकून दिल्या, तेव्हां कळलें कीं, हा पत्रा वितळत नाहीं, आणि जाळला तर विषारी धूर होतो. टाकाऊ वस्तूपासून केलेली वस्तु पुन्हां टाकाऊच झाली. ज्यानें घर बांधतांना पाणी निघून जाण्याची मोरी ठेविली नाहीं त्याच्यासारखी ही गोष्ट.

आतां पालकांस दोन शब्द, आणि ते थोडे कडू लागतील. शास्त्रज्ञ दहा-दहा किलो वजन उतरविण्यासाठीं आयुष्य वेंचीत असतां, आपण घेणारे मात्र दर वेळीं मोठी व उंच गाडी मागत आहों. १९८३ सालच्या डिसेंबरांत जी पहिली मारुति ८०० दिल्लींत रस्त्यावर आली तिचें वजन साडेसहाशें किलोंच्या आंत-बाहेर होतें, आणि तींत पांच माणसें (आमच्या घरीं सात) बसून गांवीं जाऊन येत. तींत अपघातापासून रक्षण करणारीं आजचीं साधनें नव्हतीं हें खरें, व तीं आलीं तें चांगलेंच झालें. त्यांच्या वजनाबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु अमेरिकेंत २०२१ च्या अखेरीस हमर नांवाची जी विजेची गाडी विक्रीस आली तिचें वजन चार टनांहून अधिक आहे, व तिची बॅटरीच तेराशें किलोंची, म्हणजे दोन मारुति मोटारींच्या भारोभार. अशा गाडीच्या दारांत अॅल्युमिनियम घालून ती पृथ्वीची सेवा करते असें म्हणणें म्हणजे लग्नांत पांच पंगती उठवून शेवटीं लवंग मोडून वांटण्यासारखें आहे. त्याच वेगानें येणाऱ्या दुप्पट वजनाच्या गाडीचा आघात दुप्पट शक्तीचा असतो. सकाळीं शाळेच्या फाटकापाशीं एकेक मूल उतरविण्यासाठीं ज्या उंच गाड्यांची रांग लागते, त्या रांगेंतूनच आमचीं चालत येणारीं मुलें वाट काढतात, आणि उंच नाकाच्या गाडींत बसलेल्यास पांचवींतील मुलाचें डोकेंही दिसत नाहीं. हें आम्ही रोज फाटकावर उभे राहून पाहतों, म्हणून लिहितों. सर्वांत स्वस्त व सर्वांत सुलभ हलका माल म्हणजे लहान गाडी; त्याहून हलकी म्हणजे भरलेली बस. त्यास खाणही लागत नाहीं आणि प्रयोगशाळाही.

राहिली एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वर हिशेबांत पाहिलें कीं, अॅल्युमिनियमचा खरा लाभ तें पुन्हां वितळविण्यांत आहे. पण कोणतेंही अॅल्युमिनियम कोणत्याही अॅल्युमिनियमांत मिसळून चालत नाहीं. इंजिनाचें ओतीव अॅल्युमिनियम सिलिकॉननें भरलेलें असतें. दाराच्या पत्र्यांत तें फार थोडें लागतें. दोन्ही एका भट्टींत गेलीं कीं त्यापासून पुन्हां पत्रा होत नाहीं, केवळ इंजिनाचें ओतकाम होतें. आजवर तें खपत आलें. विजेच्या मोटारींस तसलें इंजिन नाहीं. मग हा मिश्र माल जाणार कोठें? म्हणून फोर्ड कंपनीनें आपल्या कारखान्यांतील कात्रणें मिश्रधातूच्या जातीप्रमाणें वेगळीं ठेवून पत्रा करणाऱ्यांकडे परत पाठविण्याची व्यवस्था केली. कारखान्यांत हें सोपें आहे. पण पंधरा वर्षें वापरून मोडीस निघालेल्या गाडीची निवड कोणीं करावयाची? आपल्या देशांत २०२१ सालीं मोडीच्या गाड्यांविषयीं सरकारी धोरण जाहीर झालें, नोंदणी झालेलीं मोडकेंद्रें उघडूं लागलीं. तरी निवडण्याची विद्या अजून बव्हंशीं भंगारवाल्यांच्या बोटांतच आहे.

ज्या मुलानें दाराशीं तो प्रश्न विचारला त्याच्या शाळेच्या अर्जावर वडिलांच्या धंद्यापुढें "व्यापार" असें लिहिलेलें आहे. पुढें पालकसभेस वडील आले, तेव्हां कळलें कीं, त्यांचें भंगाराचें दुकान आहे व मोडीच्या मोटारी सोडविणें हाच त्यांचा मुख्य उद्योग. मुलगा शेजारीं खालीं मान घालून उभा होता. आम्हीं त्याच्या प्रश्नाची हकीकत सांगितली तेव्हां वडील हसले, पण मुलाची मान वर झाली नाहीं. वर्गांतील मुलें त्यास काय म्हणून हांक मारतात तें आम्हांस नंतर समजलें. तें येथें लिहिण्याजोगें नाहीं.

दुसऱ्या आठवड्यांत आम्हीं त्यास सांगितलें कीं, दुकानांतून धातूचे तीन तुकडे वर्गांत घेऊन ये, पण ते कशाचे हें कोणास सांगूं नकोस, आम्हांसही नाहीं. तो घेऊन आला. एक लोहचुंबकास चिकटला, तें पोलाद. एवढें सर्वांनीं ओळखलें. उरलेले दोन दिसण्यांत अगदीं सारखे, राखी-पांढरे. वर्गानें दोन्ही अॅल्युमिनियम ठरविले. आम्हीं हातांत तोलून पाहिले, फळ्यावर घनतेचें सूत्र लिहिलें, आणि दोन्ही अॅल्युमिनियमच असें आम्हींही सांगितलें. मग त्यानें खिशांतून कानस व लिंबाची फोड काढली, दोन्ही तुकडे थोडे घासले आणि प्रत्येकावर दोन-दोन थेंब पिळले. एकावर रस तसाच राहिला. दुसऱ्यावर बारीक बुडबुडे फसफसून वर आले. तो एका जुन्या मोटारीच्या दांत्यांच्या पेटीचा तुकडा होता, मॅग्नेशियमचा. हा चुकून अॅल्युमिनियमच्या ढिगांत गेला तर सगळा ढीग बिघडतो, आणि याचा भुगा पेटला तर पाण्यानें विझत नाहीं, उलट भडकतो, असें त्यानें वर्गास समजावून सांगितलें.

"हें तुला कोणीं शिकविलें?" मागच्या बाकावरून एकानें विचारलें.

"बाबांनीं," तो म्हणाला. या वेळीं त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकूं गेला. लिंबाची फोड त्यानें आमच्या टेबलावरच ठेविली, आणि तास संपेपर्यंत मुलें आपापल्या डब्यांचीं झांकणें, कंपासपेट्या व पाण्याच्या बाटल्या घेऊन त्याच्यापुढें रांगेनें उभीं होतीं.